प्लेटलेट्स नॉर्मल आहेत, मग दाढ काढण्याआधी गोळी बंद करायची का?

पत्र, थोडक्यात: इंदूरच्या एका वाचक ताईंनी लिहिले आहे. वडील ६८ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. तेव्हापासून रात्री एक कॅप्सूल चालू आहे. तिच्यात अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि कोलेस्टेरॉलचे औषध असे तिन्ही एकत्र आहे. सकाळी पित्तासाठी ओमेप्राझोल, ते जुनेच चालत आलेले. गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी. आता खालची दाढ किडून ठणकते आहे, काढावीच लागणार. डेंटिस्ट म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी सात दिवस बंद करा आणि मग या." हातांवर अधूनमधून निळे-जांभळे डाग उठतात म्हणून सीबीसी केली, तर प्लेटलेट्स २ लाख ३० हजार. बाबा म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे गोळी लागूच पडत नाहीये, घ्यायची कशाला?" भाऊ म्हणतो, "प्लेटलेट्स भरपूर आहेत, सात दिवस बंद केल्याने काय होणार?" आई म्हणते, तेवढे दिवस सकाळी लसूण देऊ. ताई विचारतात, ऐकायचे कोणाचे?

ताई,

सगळ्यात आधी आजचे बघू. आज रात्रीची कॅप्सूल बाबांना नेहमीप्रमाणे द्या. ज्यांनी स्टेंट बसवला त्या कार्डिऑलॉजिस्टशी बोलणे होईपर्यंत एकही दिवस चुकवू नका. दाढ काढायची आहे, ती निघेल, आणि बहुधा गोळी बंद न करताच निघेल.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बाबा आणि दादा एकाच आकड्यावर बोट ठेवून दोन वेगळे निष्कर्ष काढत आहेत. दोघांचेही चुकते आहे, कारण तो आकडा या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. सीबीसीचे मशीन रक्तातल्या पेशी मोजते. प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रोमीटरचा, केंद्रक नसलेला, अस्थिमज्जेत तयार होणारा पेशीचा तुकडा. मशीन असे तुकडे किती आहेत ते सांगते, दीड ते साडेचार लाखांत असतील तर नॉर्मल छापते. ते तुकडे एकमेकांना चिकटू शकतात की नाही, हे त्या मशीनला कळत नाही. हजेरीपटावर सगळे हजर आणि हात मात्र बांधलेले, अशी बाबांच्या प्लेटलेट्सची सध्याची स्थिती आहे, आणि ती तशीच असायला हवी. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सची संख्या कमी करण्यासाठी दिलेलीच नाहीत. उलट या गोळ्यांवर संख्या खरोखर घसरली, तर ती डॉक्टरांना तातडीने कळवायची गोष्ट असते.

"रक्त पातळ करायची गोळी" हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसले आहे, पण त्यातूनच हा घोळ होतो. रक्ताचा दाटपणा या गोळ्यांनी बदलत नाही. बदल होतो तो प्लेटलेटच्या आत आणि तिच्या पृष्ठभागावर.

धमनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली की प्लेटलेट तिथे चिकटते आणि इतरांना हाक मारते. या हाकांमधल्या दोन मोठ्या. पहिली थ्रॉम्बॉक्सेन ए-२. हे रसायन प्लेटलेट स्वतः तयार करते आणि त्यासाठी तिला कॉक्स-१ नावाचे एन्झाइम लागते. अ‍ॅस्पिरिन त्या एन्झाइमच्या आत शिरून एका ठरावीक जागी अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवते. एन्झाइम बंद पडले की थ्रॉम्बॉक्सेनही बंद. शरीरातल्या इतर पेशी नवे एन्झाइम बनवतात, पण प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला ते जमत नाही. म्हणून अ‍ॅस्पिरिन रक्तात वीसेक मिनिटांत निम्मे होत असले, तरी त्याचा परिणाम त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. रोज ७५ मिलिग्रॅम इतका छोटा डोस पुरतो तो याचमुळे. अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे अशी काम करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

दुसरी हाक एडीपी नावाच्या रसायनाची. ती ऐकायला प्लेटलेटच्या पृष्ठभागावर पी-२-वाय-१२ नावाचा ग्राहक, म्हणजे हाक पकडणारी जागा (रिसेप्टर) असते. क्लोपिडोग्रेल त्याला कायमचे कुलूप घालते, पण गिळलेले क्लोपिडोग्रेल स्वतः निष्क्रिय असते. यकृतातली एन्झाइमे, त्यातही सीवायपी-२-सी-१९, त्याच्या थोड्या भागाचे काम करणाऱ्या रूपात रूपांतर करतात. बराच मोठा भाग, सुमारे ८५ टक्के, वाया जातो. ही पायरी लक्षात ठेवा, तुमच्या घरातल्या ओमेप्राझोलचा संबंध तिथेच येतो.

बाबांना हे पटणे अवघड जात असेल तर प्लेटलेटचे काम तपासणारी चाचणी कशी असते ते त्यांना सांगा. गुस्ताव्ह बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत रक्त घेतात आणि हळू वेगाने फिरवून वरचा पिवळसर, गढूळ थर वेगळा करतात. तो गढूळ दिसतो कारण त्यात लाखो प्लेटलेट्स सुट्या तरंगत असतात. त्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि थ्रॉम्बॉक्सेनचा कच्चा माल असलेले अ‍ॅराकिडॉनिक आम्ल टाकायचे. प्लेटलेट्स नेहमीच्या असतील तर काही मिनिटांत त्या एकमेकींना चिकटून गोळे होतात, द्रव निवळतो आणि प्रकाश आरपार जातो. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याचा नमुना मात्र गढूळच राहतो. एडीपी टाकले तर क्लोपिडोग्रेलचा परिणाम दिसतो. त्याच माणसाच्या रक्ताची सीबीसी केली तर आकडा २ लाख ३० हजारच येईल. ही चाचणी बाबांची करून घ्या असे मात्र मी म्हणत नाही. ती नमुना न गोठवता, थंड न करता, साधारण चार तासांच्या आत करावी लागते, मोजक्याच ठिकाणी होते आणि स्टेंटच्या प्रत्येक रुग्णात तिने उपचार बदलत नाहीत.

डेंटिस्टनी पीटी-आयएनआर किंवा बीटी-सीटी या रक्त थांबायला-गोठायला लागणाऱ्या वेळेच्या तपासण्या करून आणायला सांगितले, तर तेही समजून घ्या. आयएनआर ही वेगळ्या मार्गाने गुठळी रोखणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांची तपासणी आहे, बाबांच्या गोळ्यांनी ती बदलत नाही. बीटी थोडी वाढलेली दिसू शकते, पण दाढ काढताना किती रक्त येईल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येत नाही. यातला कुठलाही आकडा नॉर्मल आला म्हणजे "आता औषधाचा परिणाम उतरला" असे धरू नका.

आता सात दिवसांचा प्रश्न. दादाला हा हिशेब दाखवा. शरीर रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट्स नव्या करते. गोळी बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी तीसेक टक्के आणि पाचव्या दिवशी निम्म्या प्लेटलेट्स औषध न लागलेल्या असतात. सगळ्या बदलेपर्यंत थांबावेही लागत नाही. थोड्याशा मोकळ्या प्लेटलेट्सही थ्रॉम्बॉक्सेन सोडून आजूबाजूच्यांना कामाला लावतात, त्यामुळे स्टेंटचे संरक्षण तीन-चार दिवसांतच बरेच ढिले पडते. पुढचा भाग घरोघरी विसरला जातो. दाढ काढल्यावर गोळी सुरू केली की अ‍ॅस्पिरिन लवकर लागू पडते, पण ७५ मिलिग्रॅमच्या क्लोपिडोग्रेलला पूर्ण परिणामाला यायला तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे कागदावर सात दिवसांची सुट्टी असली तरी स्टेंट प्रत्यक्षात दहा-बारा दिवस अर्धवट उघडा राहतो. तेही अशा वेळी, जेव्हा जबड्यात जंतुसंसर्ग आहे, जखम झाली आहे आणि शरीर गुठळी करायच्या पवित्र्यात आहे.

स्टेंट म्हणजे धमनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला वेळ लागतो आणि औषध लावलेल्या स्टेंटवर ते आणखी सावकाश चढते. म्हणूनच अटॅकनंतर दोन्ही गोळ्या सहसा वर्षभर देतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ही मुदत कमी करतात, पण तो त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय असतो. बाबांचे पाच महिनेच झाले आहेत. दाढेच्या खड्ड्यातून रक्त आले तर गॉझ दाबून धरता येतो, टाका घालता येतो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो पुन्हा हार्ट अटॅक असतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. एक-दोन दात काढण्यासाठी या गोळ्या बंद करू नयेत, रक्त जागेवरच थांबवावे, असेच दंतवैद्यकाच्या आणि हृदयरोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

डेंटिस्टवर रागावू नका. सात दिवसांचा नियम जुना आहे आणि रक्त थांबले नाही तर काय, ही त्यांची काळजी खरी आहे. त्यांना हवी ती खात्री कार्डिऑलॉजिस्टच्या एका ओळीतून मिळते, आणि ती ओळ मिळवण्यासाठी प्रश्न नेमका विचारावा लागतो. "गोळी बंद करू का?" एवढेच विचारले तर उत्तरही तेवढेच मोघम मिळते. हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा चिठ्ठीवर पाठवा: "रुग्ण ६८ वर्षे. अमुक तारखेला अटॅकनंतर अमुक धमनीत औषध लावलेला एक स्टेंट. सध्या अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५. खालची एक दाढ, जागेवर भूल देऊन काढायची आहे. दोन्ही गोळ्या चालू ठेवून काढण्यास हरकत आहे का? हरकत असल्यास कोणती गोळी, किती दिवस, आणि परत कशी सुरू करायची?" तारीख, धमनीचे नाव आणि स्टेंटचा प्रकार डिस्चार्ज कार्डावर असतो, त्याचा फोटो सोबत जोडा. आलेले उत्तर छापून डेंटिस्टच्या हातात द्या.

बाबांची कॅप्सूल एकत्रित आहे, त्यामुळे एक खास धोका आहे. कोणी "फक्त अमुक गोळी थांबवा" म्हटले तर घरात पूर्ण कॅप्सूलच बंद होते, आणि दुसरी गोळी व कोलेस्टेरॉलचे औषधही नकळत बंद पडते. उलटेही घडते. मेडिकलवाला अ‍ॅस्पिरिनची वेगळी पट्टी देतो आणि दोन ठिकाणांहून अ‍ॅस्पिरिन पोटात जाते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. ते एकदा वाचून कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा.

हेच पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरी क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलोर आहे, त्यांनी वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नये. ते त्याच ग्राहकावर बसते, पण कायमचे चिकटत नाही, म्हणून ते ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घ्यावे लागते आणि एक-दोन डोस चुकले तरी संरक्षण लवकर उतरते. प्रासुग्रेल क्लोपिडोग्रेलसारखे कायमचे चिकटते आणि जास्त जोरकस असते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी यांचे थांबवण्याचे दिवसही वेगळे असतात: टिकाग्रेलोर तीन ते पाच, क्लोपिडोग्रेल पाच, प्रासुग्रेल सात. शेजारच्यांना सांगितलेले दिवस आपल्या घरी वापरण्यात म्हणूनच धोका आहे.

दाढ काढण्याच्या दिवसाबद्दल. तारीख सोमवार-मंगळवारची, सकाळची घ्या. संध्याकाळी किंवा रात्री पुन्हा रक्त सुरू झाले तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा हवा, शनिवारी दाढ काढली की रविवार मध्ये येतो. एका वेळी एकच दाढ काढायची. डेंटिस्टना आधीच विचारा की खड्ड्यात रक्त थांबवणारा जिलेटिनचा किंवा सेल्युलोजचा स्पंज ठेवून वर टाके घालाल ना. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल या रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाच्या ५ टक्के द्रावणात भिजवलेला गॉझही उपयोगी पडतो. घरी त्याची चूळ दिली तर ती दोन मिनिटे तोंडात नुसती धरायची, खळखळवायची नाही आणि गिळायचीही नाही. हे द्रावण डेंटिस्टनी लिहून दिले तरच वापरा.

गॉझवर दात घट्ट दाबून ३० मिनिटे बसायचे. घरोघरी इथेच चुकते. दर पाच मिनिटांनी गॉझ काढून रक्त थांबले का ते पाहिले जाते आणि नुकतीच बसलेली गुठळी प्रत्येक वेळी गॉझबरोबर निघून येते. घड्याळ लावा आणि तोपर्यंत उघडून पाहू नका. थुंकी थोडी गुलाबी दिसेल, एक थेंब रक्त भरपूर लाळेत मिसळले तरी ती तशीच दिसते. पहिले २४ तास जोरात थुंकणे, चूळ भरणे, स्ट्रॉने पिणे, तंबाखू हे सगळे बंद. वाफाळता चहा नको. इंदुरी घरात हे जड जाईल, पण पोह्यांवरची शेव आणि जिरावण दोन दिवस नको, शेवेचे टोकदार तुकडे थेट खड्ड्यात जातात. थंड केलेला दहीभात, मऊ खिचडी, सांजा चालेल. पुन्हा रक्त आले तर नवा ओला गॉझ घडी घालून तीस मिनिटे दाबा. तसे दोनदा करूनही तोंड रक्ताने भरत राहिले तर डेंटिस्टना फोन करा, ते भेटले नाहीत तर रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

दाढ काढल्यावर दुखण्यासाठी केटोरोलॅक सर्रास लिहिले जाते, पाण्यात विरघळवून घ्यायची गोळी असते ती. बाबांना ती नको. केटोरोलॅकही प्लेटलेटचे तेच कॉक्स-१ एन्झाइम अडवते, जठराच्या अस्तराला इजा करते, आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर ते देऊच नये असे त्याच्या माहितीपत्रकातच असते. प्रिस्क्रिप्शन हातात पडल्यावर तिथेच सांगा, "स्टेंट आहे, पॅरासिटामॉलवर भागवता येईल का?" यकृताचा आजार नसेल तर पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसाला तीन ग्रॅमच्या आत, बहुतेकांना पुरते.

गुडघ्यांसाठीच्या आयबुप्रोफेनचेही असेच आहे, आणि त्यात आणखी एक भर. ते कॉक्स-१ मध्ये अगदी त्याच वाटेवर जाऊन बसते जिथून अ‍ॅस्पिरिनला आत जायचे असते. आयबुप्रोफेन काही तासांनी निघून जाते, पण तोवर अ‍ॅस्पिरिन रक्तातून ओसरलेले असते. त्या दिवशीचा अ‍ॅस्पिरिनचा डोस पोटात जाऊनही वाया जाऊ शकतो. म्हणजे रक्तस्राव वाढवायचा आणि स्टेंटचे संरक्षण कमी करायचे, असे दोन्ही तोटे एकाच गोळीत. कॉम्बिफ्लामसारख्या जोडगोळीतही आयबुप्रोफेन असते, नावावरून ते कळत नाही. डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक हा त्यावरचा उपाय नाही, त्यांनी पोटाचा आणि हृदयाचा धोका वाढतोच. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, आणि तेवढ्याने भागले नाही तर हाडांच्या डॉक्टरांना स्टेंटची कल्पना देऊन भेटणे.

ओमेप्राझोलचे राहिले. ते सीवायपी-२-सी-१९ या एन्झाइमलाच अडवते, म्हणजे क्लोपिडोग्रेल काम करणाऱ्या रूपात यायची वाट अरुंद करते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००९ मध्येच ही जोडी टाळा असे सांगितले होते. इसोमेप्राझोलही त्याच गटातले. पण म्हणून पित्ताची गोळी सरळ बंद करू नका, कारण दोन प्लेटलेटविरोधी गोळ्या घेणाऱ्या या वयाच्या माणसाला जठराचे संरक्षण हवेच. ती बदलून पॅन्टोप्राझोल द्यायचे का, हे कार्डिऑलॉजिस्टना त्याच संदेशात विचारा. बहुतेक जण हो म्हणतील. "आमची अ‍ॅस्पिरिन कोटेड आहे, पोटाला काही होत नाही" हा समजही खरा नाही. व्रण होतो तो गोळी जठराला घासल्याने कमी आणि रक्तातून पोचलेल्या औषधाने जास्त, त्यामुळे कोटिंग त्याला थांबवत नाही.

आईंना सांगा, स्वयंपाकातला लसूण खुशाल असू दे. पण त्याचा प्लेटलेटवरचा परिणाम क्षीण आणि बेभरवशाचा आहे, तो स्टेंट सांभाळू शकत नाही. आणि दाढ काढायच्या आठवड्यात लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल वेगळ्या सुरू करू नयेत.

हातावरच्या डागांनी बाबा घाबरतात, ते समजू शकते. या वयात त्वचा पातळ होते, हाताच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सहज फुटतात, आणि प्लेटलेट्सचे हात बांधलेले असल्याने रक्त जरा जास्त पसरते. सपाट, न दुखणारा, एक-दोन आठवड्यांत पिवळा पडून जाणारा डाग हा गोळी लागू पडत असल्याचाच परिणाम आहे. पाठीवर-पोटावर कारण नसताना तळहाताएवढे डाग, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, न दाबता हिरड्यांतून रक्त, डांबरासारखी काळी शौच किंवा कॉफीच्या रंगाची उलटी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तेव्हा ती चालू असेल तर तसे सांगा. डोक्याला मार लागला, एकाएकी असह्य डोके दुखले, छातीत दुखले किंवा एका बाजूची ताकद गेली तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

आणि पावसाळा आहे म्हणून हेही. बाबांना ताप आला आणि डेंग्यू निघाला, तर संख्या आणि काम दोन्ही एकाच वेळी कमी असतील. तेव्हा सीबीसीचा आकडा खरोखर महत्त्वाचा ठरतो. पहिल्याच दिवशी कार्डिऑलॉजिस्टना कळवा आणि रोजचा आकडा पाठवत राहा. साधारणपणे ५० हजारांच्या खाली गेल्यावर गोळ्यांबाबत फेरविचार होतो, पण कुठली थांबवायची आणि कधी परत सुरू करायची हे स्टेंटचे वय पाहून तेच ठरवतील. तापासाठी तेव्हाही पॅरासिटामॉलच.